शेगडी नको, अलार्म हवा: बर्फाच्या गावातले बंद घर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की मुला-मुलींकडे कॅनडाला निघणाऱ्या आईवडिलांसाठी 'सोबत काय न्यावे' अशा याद्या मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येतात. थर्मल, कानटोपी, लोकरी मोजे, न घसरणारे बूट. याद्या चुकीच्या नाहीत, पण त्यांतली सगळी काळजी दाराबाहेरच्या थंडीची असते. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात डिसेंबरअखेरीस सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या सुमारास मावळतो. साठी-सत्तरीची माणसे दिवसातून तासभरही बाहेर पडत नाहीत. उरलेले तेवीस तास घरात जातात. आम्ही घरांची तपासणी आणि हीटिंगची कामे करणारी माणसे आहोत. हिवाळ्यात मराठी घरांत जे बिघडते, ते बहुतेक वेळा घर बंद असल्यामुळे बिघडते, असे आमचे ठाम मत आहे. या घरांत वावरणारे आजी-आजोबा आपले वाचक आहेत, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहोत.

तिकडच्या घराची भिंत आधी समजून घ्यावी. आतून जिप्समचा पत्रा, त्यामागे प्लॅस्टिकचा कागद, त्यामागे फायबरग्लासची जाड गादी, मग बाहेरची वीट. खिडक्यांना दोन काचा, दारांना रबरी पट्ट्या. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून केलेली ही बांधणी वाफ, धूर आणि वायू यांनाही बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे कौलांच्या फटी, उघडी खिडकी, सताड दार हे काम न सांगता करतात. तिथे ते यंत्रांकडून करून घ्यावे लागते, आणि ती यंत्रे चालू आहेत ना, हे घरातल्या कुणीतरी बघावे लागते.

सर्वांत आधी शेगडीविषयी, कारण त्यात जीव जातो. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईच्या मनात न्हाणे, मालिश, धुरी, शेक हे सगळे ठरलेले असते. त्यातली कोळशाची शेगडी तेवढी पूर्णपणे सोडून द्यावी. बार्बेक्यूचा कोळसा तिथे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. जाड बुडाच्या पातेल्यात तो बाल्कनीत पेटवायचा, धूर संपून निखारे फुलले की आत आणायचा आणि ओवा टाकायचा, एवढे कुणालाही जमते. पण धूर संपला म्हणजे धोका संपला, ही समजूतच घातक आहे. निखाऱ्यांच्या थरात प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. बंद बाथरूममध्ये, बंद झोपण्याच्या खोलीत, जेमतेम तीन किलोचे बाळ आणि थकलेली बाळंतीण यांच्याजवळ ती शेगडी ठेवायची नाही. खिडकी किलकिली करूनही नाही.

शेक हवाच असेल तर मूठभर ओवा दुहेरी सुती कापडात बांधावा, विजेच्या शेगडीवर मंद तापलेल्या तव्यावर पुरचुंडी अर्धा मिनिट दाबून धरावी, आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघून मगच बाळंतिणीच्या कमरेला शेक द्यावा. बाळाला तळहात एकमेकांवर चोळून दिलेली ऊब पुरते. बाळाच्या न्हाण्याआधी बाथरूमचे दार लावून गरम पाण्याचा शॉवर दोन-तीन मिनिटे सोडला की खोली उबदार होते. पाणी ३७ अंशांच्या आसपास असावे, अंग तिथेच कोरडे करून कपडे घालूनच बाळाला बाहेर आणावे, आणि मग पंखा लावून वाफ काढून टाकावी. घरात २१ अंश तापमान असताना मोठ्यांच्या अंगावर असेल त्यापेक्षा एक थर जास्त, एवढेच कपडे बाळाला लागतात. बाळ झोपलेले असताना डोक्यावर टोपडे, कुंची किंवा अंगावर सुटी दुलई नको. बाळ जादा ऊब डोक्यातून बाहेर टाकते, आणि अति गरम होणे झोपेतल्या बाळासाठी धोक्याचे असते. बाहेर हिमवादळ दिसत असले तरी बाळ ज्या हवेत आहे ती घरातली आहे, हे आजीने मनाशी पक्के धरावे.

आता अलार्म. डिसेंबर २००८ मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या वुडस्टॉक शहरात गॅसवर चालणाऱ्या फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला आणि आई, वडील व दोन मुले असे सगळे कुटुंब गेले. त्यानंतर २०१३ मध्ये हॉकिन्स-गिनॅक कायदा झाला, आणि गॅस, तेल किंवा लाकूड जळते अशा घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बंधनकारक झाला. झोपण्याच्या खोल्यांजवळ तो हवाच. प्रत्येक मजल्यावर एक असावा, बेसमेंट म्हणजे तळघरसुद्धा धरून. अलार्मच्या पाठीमागे तारीख छापलेली असते. बहुतेकांचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे असते, त्यानंतर दिवा लागला तरी आतला सेन्सर भरवशाचा राहत नाही. भाड्याच्या घरात गेल्यावर पहिल्याच दिवशी तो भिंतीवरून काढून मागची तारीख वाचावी.

आवाज ओळखायला शिकावे. चार छोटे ठोके, थोडी शांतता, पुन्हा चार ठोके, हा कार्बन मोनॉक्साइड. तीन ठोके म्हणजे आगीचा धूर. अर्ध्या-एक मिनिटाने एकच 'चिक्' होत असेल तर बॅटरी संपत आली आहे. चार ठोक्यांना बॅटरीची कुरकुर समजून अलार्म काढून उशीखाली ठेवला जातो, म्हणून हे इतकी फोड करून लिहितो. हवेत ७० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग हा वायू असेल तर अलार्म एक ते चार तासांनी वाजतो, ४०० पीपीएम असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे तो वाजतो तेव्हा वायू बराच वेळ घरात आहे, असे धरून चालावे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे ही लक्षणे फ्लूसारखीच दिसतात. फरक असा की ताप नसतो, घरातल्या सगळ्यांना एकाच सुमारास त्रास होतो आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते. अलार्म वाजला की खिडक्या उघडत बसू नये, सगळ्यांनी बाहेर पडावे, डोकी मोजावीत आणि ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करावा. उणे पंधरा अंशांत बाहेर उभे राहायचे म्हणून माणसे आत थांबतात, त्यासाठी एक ब्लँकेट आणि जोडी-दोन जोडी मोजे गाडीत कायमचे ठेवावेत. गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये असेल तर तिकडे न जाता शेजाऱ्याचे दार ठोठवावे. त्याच गॅरेजमध्ये, शटर उघडे ठेवून का होईना, गाडी 'जरा गरम करायला' चालू ठेवण्याची सवयही मोडावी. गॅरेज आणि घर यांच्यामधल्या दाराच्या फटीतून धूर आत येतो.

धुराच्या अलार्मला फोडणीच्या वेळी प्लॅस्टिकची पिशवी बांधणे आम्हाला घरोघर दिसते. पिशवी एकदा बांधली की महिनोन् महिने तशीच राहते. त्यापेक्षा चिमणी आधी लावावी, मोहरी नंतर टाकावी.

घर तापवणारा फर्नेस बहुधा गॅसवर चालतो, आणि नव्या फर्नेसचे दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून फूट-दीड फूट उंचीवर बाहेर डोकावतात. एक हवा आत घेतो, दुसरा जळालेली हवा बाहेर सोडतो. थंडीत ज्याच्या तोंडाशी पांढरी वाफ दिसते तो दुसरा. वाऱ्याने बर्फाचा ढीग तिथे साचला, किंवा शेजाऱ्याने फावड्याने बर्फ तिकडे लोटला, की हवा अडते आणि आतले, हवेच्या दाबावर चालणारे बटण फर्नेस बंद करते. हे नेमके रात्री दोन वाजता होते, कारण वादळ रात्रभर चालते. बर्फ थांबला की घरातल्या एकाने या पाइपांभोवती हातभर जागा हाताने मोकळी करावी, फावड्याचा फटका पाइपाला लागू देऊ नये. ही जागा आजोबांना उजेडात एकदा दाखवून ठेवावी.

फर्नेस दहा मिनिटे चालून बंद पडत असेल तर आधी फिल्टर बघावा. कागदी फिल्टर उजेडासमोर धरल्यावर पलीकडचा दिवा दिसला नाही तर तो बदलायला झाला. चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असावा. पाकिटावर तीन महिने लिहिलेले असते, पण रोजची फोडणी, तळण आणि उदबत्ती असलेल्या घरात तो महिना-दीड महिन्यात भरतो. तुंबलेल्या फिल्टरमधून हवा कमी येते, आतली पेटी जादा तापते आणि सुरक्षेचे बटण ज्योत बंद करते. मग घर गार पडते, आणि त्यावर उपाय म्हणून दुकानातून छोटा हीटर आणला जातो. १५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो. खोलीची वायर पंधरा अँपिअरची. त्याच सर्किटवर राइस कुकर लावला की फ्यूज पडतो, आणि एक्स्टेन्शन कॉर्डवर लावला की कॉर्ड तापते. आग लागते ती इथून. कुठे गॅसच्या ओव्हनचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर तापवले जाते. तेही शेगडीइतकेच वाईट. फिल्टर वीस डॉलरच्या आत येतो.

वीज गेली की गॅसचा फर्नेसही बंद पडतो, कारण त्याचा पंखा आणि ठिणगी विजेवर चालते. डिसेंबर २०१३ च्या गोठत्या पावसाच्या वादळात टोरोंटोतल्या सुमारे तीन लाख वीजग्राहकांची वीज गेली होती, काहींची कित्येक दिवस. त्या दिवसांत लोकांनी घरात बार्बेक्यू पेटवले आणि अग्निशमन दलाला कार्बन मोनॉक्साइडच्या तक्रारींमागे धावावे लागले. वीज गेली तर सगळ्यांनी एका खोलीत यावे, दारे लावावीत, पडदे ओढावेत, अंगावर थर चढवावेत. तासाभरात घर गोठत नाही. घरात कोळसा, जनरेटर, बार्बेक्यू यांपैकी काही पेटवू नये. रात्र काढावी लागेल असे वाटले तर अंधार पडण्याआधीच नातेवाइकांकडे किंवा शहराने उघडलेल्या उबदार केंद्रात जावे.

जुन्या घरांत, विशेषतः भाड्याच्या बेसमेंटमध्ये, आणखी एक गोष्ट असते आणि ती कुणी सांगत नाही. फर्नेसच्या खोलीत छतातून खाली उतरलेला एक जाड, मऊ वेष्टनाचा पाइप असतो, त्यातून बाहेरची गार हवा सतत येते. रहायला आलेली मुले त्यात जुने टॉवेल कोंबतात, कारण पाय गार पडतात. तो पाइप पाण्याच्या हीटरला आणि जुन्या फर्नेसला जळण्यासाठी हवा पुरवतो. तो बंद केला की जळालेला धूर वर जाण्याऐवजी खोलीत परततो. तपासण्याची सोपी रीत आहे आणि तिला लागणारी वस्तू देव्हाऱ्याजवळ असते. घराची दारे-खिडक्या बंद करावीत, स्वयंपाकघराची चिमणी, बाथरूमचा पंखा आणि कपड्यांचा ड्रायर एकदम चालू करावा, गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू द्यावा. पाच मिनिटांनी हीटरच्या माथ्यावर, जिथे पत्र्याची टोपी आणि धुराचा पाइप यांच्यामध्ये चार बोटांची मोकळी जागा असते, तिथे पेटलेली उदबत्ती धरावी. धुराची रेघ टोपीखाली ओढली जाऊन वर निघून गेली तर ठीक. रेघ थरथरून आपल्या तोंडाकडे आली तर हीटर बंद करावा, पंखे बंद करावेत, घरमालकाला त्याच दिवशी कळवावे आणि परवानाधारक कारागीर येईपर्यंत गार पाण्यावर भागवावे. ज्या हीटरचा धूर प्लॅस्टिकच्या पाइपातून पंख्याने बाहेर जातो, त्याला ही परीक्षा लागू नाही.

बेसमेंटच्या खिडकीबाहेर जो खड्डा असतो त्यातला बर्फही काढत राहावे. आग लागली तर जिन्याशिवाय बाहेर पडायची ती एकच वाट असते.

आता हवेतल्या पाण्याकडे येऊ. नोव्हेंबरात पोहोचलेल्या आजोबांचा जानेवारीत घोळणा फुटतो, ओठ उलतात, रात्री कोरडा खोकला येतो. उणे दहा अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम दोन ग्रॅम पाणी मावते, २१ अंशांच्या हवेत अठरा. बाहेरची हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता बारा टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, आणला जातो आणि तो पूर्ण सोडला जातो, आणि दुसरी अडचण सुरू होते. २१ अंशांना पन्नास टक्के आर्द्रता असलेली हवा दहा अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिचे दव पडते. खिडकीच्या काचेची खालची कड, बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट, दिवाणामागचा कोपरा हे दहा अंशांच्या खाली गेलेले असतात. आधी काचेखाली पाण्याची रेघ, मग चौकटीच्या रबरावर काळे ठिपके, आणि मार्चमध्ये कपाटातल्या पैठणीला कुबट वास. बुरशीने दमेकऱ्याची छाती भरते.

पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घेऊन दिवाणखान्यात ठेवावा. बाहेर शून्याच्या आसपास असेल तर चाळीस टक्के, उणे दहाला तीस, उणे वीसला पंचवीस. आकडा पुढे गेला आणि काच घामेजली की ह्युमिडिफायर कमी करावा, मग नाकासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा आणि अंगासाठी आंघोळीनंतर लगेच, कातडी ओलसर असतानाच, तेल. कपाटे आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवावेत, पडदे दिवसा उघडावेत, म्हणजे काचेला घरातली ऊब लागते.

आपल्या घरांत पाणी हवेत जाते ते मुख्यतः दोन वाटांनी. ड्रायरने कपडे खराब होतात म्हणून दिवाणखान्यात स्टँडवर वाळत घालायचे, ही पहिली. पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी असते. हजार चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये एक लिटर पाण्याची वाफ कोंडली तर आर्द्रता वीसच्या वर अंकांनी चढते, यावरून हिशेब करावा. कपडे बाथरूममध्ये वाळत घालून दार लावावे आणि पंखा चालू ठेवावा. दुसरी वाट स्वयंपाकघर. कुकर, उकळते वरण, मोदकांची वाफ. फ्लॅटमधल्या शेगडीवरच्या मायक्रोवेव्हची चिमणी अनेकदा हवा बाहेर सोडतच नाही, गाळून परत घरात सोडते. पंखा लावून मायक्रोवेव्हच्या दाराच्या वरच्या जाळीशी हात धरावा. वारा लागला तर ती चिमणी बिनकामाची समजून बाथरूमचा पंखा लावावा आणि स्वयंपाकानंतरही पाव तास चालू ठेवावा. नव्या घरांत हवा बदलणारे यंत्र बसवलेले असते. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब ते आत येणाऱ्या हवेला देते. त्याच्या तोंडातून जरा गार वाटते म्हणून ते बंद करून टाकतात. तसे करू नये. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या जाळ्या काढून कोमट पाण्यात धुवाव्यात.

घराचे तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटवरून घरोघर कुरबुर असते: आजींना चोवीस हवे, जावयाला एकोणीस. दिवसा एकवीस, रात्री अठरा-एकोणीस आणि आजींच्या पायांत मोजे व सपाता, यावर बहुतेक घरांचे जमते. टोरोंटोत हिवाळ्यात भाडेकरूला किमान २१ अंश ऊब देणे घरमालकावर बंधनकारक आहे, हेही माहीत असावे.

शेवटचा मुद्दा डिसेंबरात पुण्या-मुंबईला, नागपूरला लग्नासाठी येणाऱ्या कुटुंबांचा. महिनाभर घर रिकामे म्हणून फर्नेस बंद करून येऊ नये. पाणी गोठताना नऊ टक्के फुगते, पाइप तडकतो, आणि तो वाहू लागतो बर्फ वितळल्यावर, तेव्हा घरात कुणी नसते. थर्मोस्टॅट १५ अंशांवर ठेवावा. मीटरजवळचा पाण्याचा मुख्य नळ बंद करावा, मग वरच्या मजल्यावरचे आणि तळाचे नळ उघडून पाइप रिकामे करावेत, फ्लश ओढावा. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवावीत. कुणीतरी घर ठरावीक दिवसांनी पाहून जावे अशी अट बहुतेक विमा पॉलिसींत असते. ते दिवस किती, हे पॉलिसी काढून वाचावे, शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी आणि तो आल्याचा तारखेसह फोटो मागवून ठेवावा. घरात असतानाच नळ गोठला तर तो उघडा ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने नळाच्या बाजूकडून मागे मागे ऊब द्यावी. आगीची ज्योत पाइपाला लावू नये.

अंगणातल्या नळाचा रबरी पाइप काढून, त्याची आतली तोटी बंद करून बाहेरचा नळ उघडा सोडणे हे काम मात्र पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या आधीचे, म्हणजे ऑक्टोबरातले. बाळंतपणासाठी निघणाऱ्या आयांच्या बॅगाही त्याच सुमारास भरायला लागतात. तेव्हा आमची विनंती, हे पत्र जागा मिळेल तसे, पण दिवाळीच्या आधी छापावे.

आपले,
घरतपासणी व हीटिंग व्यवसायातील काही मराठी वाचक,
मिसिसागा, ओंटारिओ